भिंतीपलीकडच्या चुली

चंद्रपूर

स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याने माझी काळी पेटी पायाशी ठेवून घेतली आणि रीतीप्रमाणे विचारलं, यात काय आहे. मी खरं सांगितलं. प्रवासात मला खरं बोलायची सवय लागते, घरी तेवढी नसते. म्हटलं, कॅमेरा आहे. इमारतीतली ऊब कुठून बाहेर निसटते ते यात दिसतं, आणि ती निसटलेली ऊब शोधायला मी पुण्याहून आलोय.

त्याने रिक्षा सुरू करायला पुढे केलेला हात मागे घेतला आणि वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

"चंद्रपुरात?"

"म्हणजे इथून पुढे. आलापल्लीच्या पलीकडे."

"मे महिन्यात यायचं होतं ना जी साहेब. पाह्यजे तेवढी घेऊन जा. पोत्यात भरून देतो मी."

परकोटाच्या दरवाजापाशी वाहनं तुंबली होती. तिथे त्याने डावीकडच्या रिक्षावाल्याला माझी हकिगत सांगितली, मग उजवीकडच्याला. लॉजवर पोचलो तेव्हा मॅनेजरने रजिस्टर पुढे सरकवत विचारलं, "ते हरवलेली गर्मी शोधणारे तुम्हीच काय?" गावात माझ्याआधी माझी कीर्ती पोचण्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याने एवढं नाव कमावलंय की तिथल्या हिवाळ्याला कुणी विचारत नाही. जानेवारीतली पहाट मात्र चांगली दात वाजवते. मी दोन चादरी मागितल्या, मिळाली एक. दुसरीच्या जागी मॅनेजरने धीर दिला.

ठाऊक नसलेल्यांसाठी माझा धंदा थोडक्यात सांगतो. थर्मल कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, त्याची ऊब दिसते. गरम ते पिवळं-पांढरं, गार ते निळं-जांभळं. थंडीच्या दिवसांत पहाटे इमारतीचं बाहेरून चित्र घेतलं की जिथून आतली ऊब बाहेर झिरपते तो भाग उजळ दिसतो. आतून घेतलं तर उलट, बाहेरची थंडी जिथून घुसते तिथे निळा डाग. ही चित्रं मग लॅपटॉपमधला प्रोग्राम तपासतो आणि गळतीभोवती लाल चौकट काढतो. त्या प्रोग्रामला नियम वगैरे कुणी शिकवलेले नाहीत. ढिगाने चित्रं दाखवली, इथे गळती आहे, इथे नाही, एवढं सांगितलं, आणि त्यातून तो आपला आपण शहाणा झाला. शाळेत माझ्यावरही हीच पद्धत वापरली होती. गुण आला नाही.

त्याचं सगळं शिक्षण मात्र पुण्यातल्या काचेच्या कचेऱ्या आणि बर्फाळ डोंगरातली काही वसतिगृहं यांवर झालेलं. लॉजच्या मागच्या अंगणात मी त्याची चाचणी घेतली, तेव्हा आंघोळीच्या पाण्याच्या बंबाभोवती त्याने लाल चौकट काढली आणि खिडकी उघडी असल्याचं कळवलं. मी मोठ्यांदा हसलो. त्यातून काही शिकावं असं मला वाटलं नाही. तर्री-पोहे खायला बाहेर पडलो. तर्री इतकी जहाल होती की कॅमेरा स्वतःवर रोखून पाहावा असं वाटलं.

आलापल्लीच्या वाटेवर

मला बोलावलं होतं सुषमाने. ती माझ्या बायकोची मावसबहीण, डॉक्टर आहे आणि आलापल्लीच्या पुढे जंगलात एका संस्थेचा दवाखाना सांभाळते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे का ते कळेल. तिचा फोन आला तेव्हा आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "भाऊजी, तुमचा तो कॅमेरा घेऊन या. माझी बाळांची खोली पहाटे ऊब धरत नाहीये."

एसटीत जागा मिळाली. पेटी मांडीवर होती. वैनगंगेचा पूल लागला. नदीवर धुकं होतं आणि त्यातून फक्त एक डोंगा आणि त्यातल्या माणसाची टोपी दिसत होती. नंतर सागाचं जंगल सुरू झालं. मोठमोठी वाळकी पानं रस्त्यावर पडलेली, आणि बस त्यांच्यावरून गेली की कुणीतरी दोन्ही बाजूंनी पापड मोडतंय असा आवाज येई. चहाला गाडी थांबली तेव्हा कंडक्टरने पेटीचा विषय काढलाच.

"यात वाघ दिसन का?"

"दिसेल की. पण तो जवळ हवा."

"जवळ आल्यावर कॅमेऱ्याचं काय काम जी?"

मग मी त्याला एक गंमत दाखवली. सीटवर तळहात टेकवला, उचलला, आणि कॅमेऱ्यात सीटवर उमटलेला पिवळा पंजा दाखवला. हात निघून गेला तरी त्याची ऊब तिथे थोडा वेळ राहते. मग काय, अख्खी बस सीटवर पंजे उठवायला लागली. एका म्हाताऱ्या बाईने नातवाला सीटवर बसवून उठवलं आणि उमटलेला आकार पाहून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. गाडी उशिरा निघाली. ड्रायव्हर बराच वेळ हॉर्न वाजवत होता आणि शेवटी तोही खाली उतरून पंजा उठवून गेला.

दवाखाना

आमच्याकडे दवाखान्यात पेशंटला भेटायचं तर वेळ ठरलेली, पास हवा, आणि दारात एक गणवेशधारी गृहस्थ आपल्या तोंडावरचा प्रत्येक स्नायू आवळून बसलेला. इथे पेशंट आला की घर सोबत येतं. सासू, दीर, तांदळाची पिशवी, कोंबडी असलीच तर तीही. मागच्या अंगणात दवाखान्याच्या भिंतीला लागून तीन-तीन दगडांच्या चुली मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येक चुलीपाशी एक कुटुंब. दवाखान्याला औषधांपेक्षा भाताचा वास जास्त येत होता. मला तर तिथेच दाखल व्हावंसं वाटलं.

भिंतीच्या अगदी मधोमध पार्बताबाईंची चूल होती. पार्बताबाई तळ्यात मासे धरणाऱ्या घरच्या. त्यांची लेक रेखा आत बाळंत झालेली. ऑपरेशन करावं लागलं होतं आणि पोरगी दिवस भरायच्या आतच आली होती. मी भिंतीच्या फटीबिटी बघत हिंडत होतो तर पार्बताबाईंनी मला बसवून जेवायला वाढलं. भात, लाखोळीची डाळ आणि वांग्यात शिजवलेले झिंगे, म्हणजे तळ्यातली बारीक कोळंबी. झिंगे सोलायचे की तसेच खायचे हे मी विचारलं, तेव्हा शेजारच्या चुलीपाशच्या बाया पदराआड हसल्या. त्यानंतर विचारायचं सोडून मी जे समोर आलं ते खाल्लं.

संध्याकाळी सुषमाने मला काचेतून पोरगी दाखवली. ती रेखाच्या छातीवर उपडी होती, वरून दोघींना मिळून एक शाल. दिसत होती ती फक्त टोपी, आणि टोपीसुद्धा माझ्या मुठीएवढी.

"वजन फार कमी आहे," सुषमा म्हणाली. "बाकी सगळं ठीक आहे. हिला फक्त ऊब पाहिजे. रेखाला तिला सारखं धरवत नाही, टाके दुखतात, मग बाळांच्या काचेच्या ऊबपेटीत ठेवावं लागतं. आणि पहाटे खोलीच एवढी गार होते की पेटीही पुरत नाही. मागच्या हिवाळ्यात असं नव्हतं."

"नाहीच जमलं तर?"

"तर गडचिरोलीला पाठवायचं. मला ते नको आहे, भाऊजी. रस्ता तुम्ही पाहिलात. एवढ्या जिवाला थंडीतून, धक्के खात इतकं लांब न्यायचं, पोचेपर्यंत तिची ऊब राहील का सांगता येत नाही. पण इथे राहिली नाही तर तेही करावं लागेल."

मी छाती पुढे काढून म्हणालो, काळजी करू नकोस, उद्या पहाटे गळती शोधून देतो. असं बोलताना माझा आवाज फार छान लागतो.

पहिली पहाट

सांगितल्याप्रमाणे पहाटे उठलो. नियमाने चित्रं आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून घ्यायची असतात. बाळांच्या खोलीच्या दारात शेंडे सिस्टर उभ्या होत्या. बुटक्या, स्वेटरवर पांढरा कोट, हातात टॉर्च. मी बूट काढले. त्यांनी टॉर्च माझ्या केसांवर मारला.

"आंघोळ केली काय?"

"अजून नाही."

"मंग आत नाई. लेकराच्या खोलीत आंघोळ केल्याशिवाय कोणीच नाई जात. डॉक्टर बाई बी नाई."

आंघोळीची न्हाणी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, वरून उघडी. मी न्हाणीकडे पाहिलं, हौदावरच्या धुक्याकडे पाहिलं, आणि बाहेरूनच चित्रं घ्यायचा शास्त्रीय निर्णय घेतला.

लॅपटॉप उघडला. प्रोग्रामने क्षणभर विचार केला आणि मागच्या भिंतीवर, बाळांच्या खोलीच्या बरोब्बर बाहेर, मोठी लाल चौकट काढली. भिंत मधोमध पिवळीधमक दिसत होती. इतकी मोठी गळती मी आजवर पाहिली नव्हती. सुषमाला, सिस्टरांना आणि ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर वसंतभाऊ यांना बोलावून मी लॅपटॉप दाखवला. भिंतीतून ऊब बाहेर चालली आहे, विटा सच्छिद्र असाव्यात, भिंतीला बाहेरून जाड गाद्या बांधा, आणि त्यासाठी त्या चुली आधी तिथून हलवा. चुलींच्या धुराने चित्रंही खराब होतात, हे वर.

अर्ध्या तासात चुली अंगणाच्या त्या टोकाला गेल्या. दगड माणसांनी उचलले, विस्तव बायांनी घमेल्यात नेला. पार्बताबाईंनी आपला तवा उचलला आणि माझ्यापुढून जाताना थांबल्या. "इथी वारा नव्हता लागत जी," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना विज्ञान समजावून सांगितलं. त्यांनी ते तव्यासकट ऐकून घेतलं.

दिवसभर आम्ही भिंतीला गाद्या बांधल्या. वसंतभाऊ शिडीवर, मी खाली उभा राहून दोर कसा बांधावा ते सांगत होतो. संध्याकाळी भिंत एखाद्या आजारी हत्तीसारखी दिसायला लागली. मी बायकोला फोन करून सांगितलं की काम झालं.

दुसरी पहाट

काम झालं नव्हतं. खोली आधीपेक्षा गार झाली होती.

सुषमाने थर्मामीटर माझ्यापुढे धरला. थर्मामीटर धरलेल्या मेव्हणीइतकं वाईट दुसरं काही नाही. रेखा रात्रभर टाके सांभाळत पोरीला छातीशी धरून होती, तिच्या मांडीला रग लागली होती. सुषमाने गडचिरोलीला फोन लावला. तिथे जागा परवा होणार होती. ठरलं, परवा सकाळी ऊन पडलं की पोरीला पाठवायचं. वसंतभाऊ गाडी धुवायला गेले.

बातमी अंगणात पोचायला वेळ लागला नाही. पार्बताबाईंची चूल आता उघड्यावर होती, वाऱ्याने जाळ आडवा पडत होता. त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला म्हणाल्या, "चुली हाकलल्या. थंडीले घरात घेतलं."

मी त्यांची नजर चुकवून भिंतीपाशी गेलो आणि जिथे परवा जेवायला बसलो होतो तिथेच, गादी जरा बाजूला सारून, पाठ टेकून बसलो. बसलो तो उडालोच. भिंत बर्फ होती. परवा झिंगे खाताना हीच भिंत पाठीला शेकत होती, इतकी छान की मी दोनदा भात मागून घेतला होता.

एवढं शिकलेलं डोकं जे सांगत नव्हतं ते पाठीने सांगितलं. भिंतीतून ऊब बाहेर जात नव्हती, बाहेरची ऊब आत जात होती. दिवसभर स्वयंपाक, पहाटे बाळंतिणीचं पाणी तापवायचं, आणि मधल्या वेळात राखेखाली जपलेला विस्तव. त्या चुलींनी ती भिंत तापत होती आणि आतली खोली जी काही उबदार राहत होती ती तिच्यामुळे. माझ्या प्रोग्रामने जन्मात चूल पाहिली नव्हती. गरम भिंत दिसली, त्याने गळती म्हटलं. त्याला माफ आहे. मी मात्र त्या चुलीवरचं जेवलो होतो.

पार्बताबाईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील की आम्हाला ठाऊकच होतं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, आम्ही तिथी मांडली ते वारा लागत नाई म्हणून. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, नातीच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं, आणि विस्तव घमेल्यात भरायला लागल्या. मीही भिंतीवरच्या गाद्या सोडल्या आणि दोन दगड उचलले. एक पायावर पाडून घेतला, पण या वेळी कुणी हसलं नाही. मला ते फार लागलं.

शाळा

चुली परत आल्या म्हणजे खोली फक्त पहिल्यासारखी झाली, आणि पहिलीही पुरत नव्हतीच. खरी गळती अजून कुठेतरी होती. सूर्य वर होता आणि पुढच्या पहाटेपर्यंत माझ्या हाती एकच काम होतं, प्रोग्रामला शहाणं करणं.

पद्धत सोपी आहे. चित्र घ्यायचं, त्यातल्या गरम वस्तूभोवती आपण चौकट काढायची आणि तिचं नाव लिहायचं. पुरेशी चित्रं दिली की तो पुढच्या वेळी तिला ओळखतो. मी पार्बताबाईंची चूल चारी बाजूंनी टिपली. शेजारची बाई म्हणाली, "आमची काऊन नाई घेत?" मग त्यांची घेतली. मग रांग लागली. पेटलेली चूल, विझत आलेली चूल, भाताचं भगुलं चढवलेली चूल, चुलीमागची तापलेली भिंत. उन्हात तापलेला माठ, मोटारसायकलचं सायलेन्सर, भिंतीला अंग लावून झोपलेलं कुत्रं. एका आबाजींनी तोंडातली बिडी टिपायला लावली. म्हणाले, "मशीनले हेबी सांगा. नाईतर म्हणन, आबाजी गळून राह्यले."

जेवणं झाल्यावर लॅपटॉपभोवती गर्दी झाली. मी त्याने न पाहिलेलं एक चित्र दिलं. चूल, त्याने चौकट काढून सांगितलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, जसं दुसऱ्याचं लेकरू पहिल्यांदा नीट बोललं की पाहतात. पुढच्या चित्रात त्याने आबाजींनाही चूल म्हटलं. आबाजी खूश झाले.

संध्याकाळी शेंडे सिस्टर माझ्या खोलीच्या दाराशी येऊन सांगून गेल्या की पहाटे पाणी तापवून ठेवते. मी न्हाणी टाळल्याचं त्यांनी सुषमाला सांगितलं नव्हतं. हे उपकार मी विसरणार नाही.

तिसरी पहाट

आंघोळ केली. थंडीत उघड्यावर गरम पाण्याची आंघोळ ही काय चीज आहे हे पुण्याच्या गीझरवाल्यांना सांगून कळायचं नाही. अंगातून वाफा निघत होत्या, मलाच कॅमेऱ्याने टिपावं असं झालं होतं. सिस्टरांनी केसांना हात लावून ओल तपासली आणि मला आत सोडलं.

खोली छोटी. एक खाट, बाळाची पेटी, कोपऱ्यात हीटर. रेखा जागी होती. मी आलो तशी तिने शाल नीट केली आणि हळूच विचारलं, "जा लागन काय जी आम्हाले?" मी म्हणालो, बघतो. या वेळी आवाज छान लागला नाही.

चारी भिंती टिपल्या. मग सिस्टर म्हणाल्या वरचंही घ्या, म्हणून छत. छत म्हणजे कौलांच्या खाली ठोकलेले पांढरे तक्ते. लॅपटॉप मांडीवर घेतला. मागच्या भिंतीवर प्रोग्रामने लिहिलं, चूल. गळती नाही. मी मनातल्या मनात त्याच्या पाठीवर थाप मारली. छताच्या चित्रावर मात्र त्याने लाल चौकट काढली. पंख्याच्या हुकाभोवती एक गडद निळा डाग होता आणि त्याची जीभ सरळ बाळाच्या पेटीकडे लोंबत होती. हात वर केला तर बोटांना वारा लागत होता.

म्हणजे वरच्या पोटमाळ्यात थंडी कोंडली होती आणि हुकाच्या भोकातून खाली ओतत होती. पण तिथे थंडी आली कुठून? सुषमा म्हणाली, कौलाखाली बाहेरच्या बाजूला एक झरोका आहे, पण दर हिवाळ्यात आपण त्याला फळी मारतो. वसंतभाऊ, मारली होती ना?

वसंतभाऊ दारात उभे होते. त्यांनी मफलर सोडला, परत बांधला.

"मारली होती जी."

"मग?"

"मंग काढली."

आम्ही सगळे बाहेर आलो. शिडी लावली, मी चढलो, कारण वसंतभाऊ अजून मफलरच बांधत होते. झरोका सताड उघडा होता. आत कॅमेरा धरला आणि निळ्या अंधारात एक पिवळा गोळा दिसला. गोळ्याला चार लहान गोळे चिकटलेले होते. प्रोग्रामला मांजर शिकवायचं राहून गेलं होतं, पण हे मला एकट्यालाही ओळखता आलं.

"व्यायली होती," वसंतभाऊ खाली बघत म्हणाले. "फळी मारली त आत कोंडली ते. रडत होती. तेबी बाळंतीणच हाय ना बाई. बाळंतिणीले कोणी कोंडते काय?"

जी पोरगी गडचिरोलीला न्यायला ते गाडी धुऊन बसले होते, तिच्या अंगावर थंडी सोडली ती त्यांनीच, आणि त्यांच्या डोळ्यांत आता ते दिसत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगतो, त्याच्या खालोखाल मला एवढा आनंद झाला की शिडीवरून पडता पडता वाचलो. दोन दिवस त्या अंगणातला एकमेव मूर्ख मी होतो. आता आम्ही दोघे झालो.

सुषमा म्हणाली, "आधी हिला खाली काढा. पिल्लं मोजून." मग सिस्टरांकडे वळून, "आणि ही बाळांच्या खोलीच्या डोक्यावर होती, हे कुणी मला आधी का सांगितलं नाही?" सिस्टर एकदम हीटर तपासायला निघून गेल्या. त्यांनाही माहीत होतं म्हणायचं. गावाचं नाव मी का लिहिलं नाही ते आता कळलं असेल.

मांजर खोक्यात आलं, वसंतभाऊंच्या हातावर तीन ओरखडे उठवून. झरोक्याला फळी बसली. हुकाभोवती चिंध्या ठासल्या, वरून चिकटपट्टी लावली. या वेळी मी दोर कसा बांधावा ते कुणालाही सांगितलं नाही.

चौथी पहाट

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला पाहिजे, पण लागली. उठलो तेव्हा अंगणात ॲम्ब्युलन्सचं इंजिन सुरू होतं. गडचिरोलीची जागा झाली होती. वसंतभाऊंनी गाडी आतून तापायला लावली होती, मागच्या बाकावर गोधड्या पसरल्या होत्या. पार्बताबाई गाठोडं बांधून पायरीवर बसल्या होत्या. भिंतीजवळच्या चुली धडधडत होत्या. त्या पहाटे प्रत्येक घराने आपला जाळ जरा मोठाच ठेवला होता.

सुषमा आत गेली. काचेतून दिसत होतं, तिने भिंतीवरचा थर्मामीटर पाहिला. मग पेटीत हात घालून पोरीच्या पावलांना हात लावला. मग पाठ वळवून काहीतरी करत राहिली. मला वाटतं ती डोळे पुसत होती. ती म्हणते, ती चष्मा पुसत होती. ती चष्मा लावत नाही.

बाहेर आली आणि म्हणाली, "वसंतभाऊ, गाडी बंद करा."

इंजिन थांबलं. पार्बताबाईंनी गाठोडं सोडलं, त्यातून तांदळाची पिशवी काढली आणि मला विचारलं, "झिंगे सोलून देऊ काय जी, साहेब?" त्या वेळी हसणाऱ्यांत मी सगळ्यात मोठ्याने हसलो.

गाडी दुपारी तशी आलापल्लीला जाणारच होती, ऑक्सिजनचा सिलेंडर भरून आणायला. माझी बस चुकली होती, तेव्हा मला तिच्यातच घातलं. पुढच्या सीटवर मांजरीचं खोकं होतं, डॉक्टरांच्या हुकमाने तिची रवानगी वसंतभाऊंच्या बहिणीकडे झालेली. मी मागे बाकावर, पोरीसाठी पसरलेल्या गोधड्यांत, कॅमेरा पोटाशी धरून आडवा झालो. वाटेतला प्रत्येक खड्डा लागला. प्रत्येक खड्ड्याला मला बरं वाटत होतं की इथे मी आहे.

आलापल्लीच्या अलीकडे एका टपरीसमोर गाडी थांबली. थांबल्याबरोबर टपरीवाली बाई पदर खोचत धावत मागच्या दाराशी आली. तिच्या दोन्ही हातांत फडक्याने धरलेलं मोठं भगुलं, त्यातून वाफ. तिने दार ओढलं आणि गोधडीत गुरफटलेल्या माझ्याकडे पाहून थबकली.

"लेकरू कुठी हाय?"

"मायजवळ," वसंतभाऊ पुढून म्हणाले. "नाई आणलं. गरज नाई पडली."

"मंग हे कोण होय?"

"हे पुण्याचे साहेब. यांले नुसतं सोडून राह्यलो."

मी लाजेने उठून बसलो. वसंतभाऊंनी आदल्या दिवशी तिला निरोप धाडला होता की लेकराच्या शेकाच्या पिशवीतलं पाणी तिच्याकडे बदलून घेऊ. उद्या नेमकं कधी येऊ ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती पहाटेपासून पाणी तापवून बसली होती. चुलीवर दुसरं काही चढवलं नव्हतं. गिऱ्हाइकं चहावाचून परत गेली होती.

तिने भगुल्यात पाहिलं, मग पुन्हा वसंतभाऊंकडे. "बरी हाय ना पण?"

"बरी हाय."

ती परत गेली, भगुलं चुलीवर ठेवलं आणि मुठीने चहापत्ती टाकली, मुठीने साखर. एवढ्या पाण्याला पुरेल इतकं दूध टपरीत नव्हतं, तेव्हा चहा कोराच झाला. रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिने हाक मारून थांबवलं आणि कप हातात दिला. कशाचा चहा म्हणून कुणी विचारलं की सांगायची, लेकरू घरीच राह्यलं म्हणून. मी दोन कप घेतले. दुसरा संपेपर्यंत खोक्यातली मांजर पिल्लांसह झोपली होती, आणि सिलेंडर भरायचा आहे याची वसंतभाऊंना मीच आठवण करून दिली.